राजगीर ते कुशीनगर: आईंना घेऊन बुद्धस्थळांच्या यात्रेला निघताना

म्हापशाहून तुम्ही विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: आई ६८ वर्षांच्या आहेत, गुडघे कुरकुरतात पण त्या हिंडत्याफिरत्या आहेत, डिसेंबरात तुम्हांला १२ दिवस मोकळे आहेत, एका प्रवासी कंपनीने ८ दिवसांत आठही बुद्धस्थळे दाखवण्याचा कार्यक्रम दिला आहे. तो घ्यावा की स्वतः आखणी करून जावे, कोणते ठिकाण आधी आणि कोणते नंतर, आणि घर हिंदू असताना तिथे जाऊन नेमके काय करायचे, हे तुम्हांला हवे आहे.

माझे मत आधीच सांगते. तो कार्यक्रम घेऊ नका. १२ दिवसांत सारनाथ, बोधगया, राजगीर, वैशाली, कुशीनगर आणि लुंबिनी एवढीच ठिकाणे धरा. श्रावस्ती आणि संकिस्सा पुढच्या खेपेसाठी राहू द्या. आणि मधला प्रवास राजगीरहून वैशालीमार्गे कुशीनगरकडे, याच दिशेने करा. उलटा करू नका. वयाच्या ८० व्या वर्षी बुद्ध ज्या वाटेने अखेरचे चालत गेले, ती हीच वाट आहे. पाली साहित्यात महापरिनिब्बान सुत्तात तिचे गावोगावचे वर्णन आले आहे. आईंबरोबर जाणाऱ्या माणसाने तर ती वाट त्याच क्रमाने पाहावी असे मला मनापासून वाटते. कारण पुढे सांगते.

मी फोंड्याच्या एका शाळेत मराठी शिकवत असे आणि २००४ पासून दर एक-दोन वर्षांनी गोव्यातील लहान गट घेऊन या भागात जाते. पहिली यात्रा मी अशाच एका धावत्या कार्यक्रमाबरोबर केली. दिवसभर बसमध्ये बसून आम्ही कुशीनगरला पोचलो तेव्हा अंधार पडला होता आणि परिनिर्वाण मंदिराचे, म्हणजे बुद्धांनी देह ठेवला त्या जागेवरच्या मंदिराचे, दार बंद झाले होते. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला बस श्रावस्तीकडे निघणार होती, म्हणजे दर्शन झाले ते एवढेच. केपे भागातील एक आजी आमच्यात होत्या. त्या दाराला चेहरा लावून उभ्या राहिल्या. पहारेकऱ्याला दया आली आणि त्याने फटीतून बॅटरीचा झोत आत टाकला. त्या उजेडात शेंदरी वस्त्राखालून बाहेर आलेले, पहुडलेल्या बुद्धमूर्तीचे दोन तळपाय तेवढे दिसले. आजींनी माझा हात धरून विचारले, "बाय, तोंड खंय आसा?" मला तिला काही उत्तर देता आले नाही. त्यानंतर मी एकही यात्रा दुसऱ्याच्या वेळापत्रकावर केली नाही.

मुळात या यात्रेची कल्पना कुठून आली ते पाहिले की काय गाळावे हेही कळते. परिनिर्वाणापूर्वी बुद्धांचा निकटचा शिष्य आनंद त्यांना विचारतो की आजवर भिक्खू आपल्या दर्शनाला येत, त्यांची आम्हांला भेट होई. आपल्या पश्चात काय? त्यावर बुद्ध चार ठिकाणे सांगतात: जिथे तथागत, म्हणजे ते स्वतः, जन्मले (लुंबिनी), जिथे त्यांना संबोधी, म्हणजे ज्ञान, मिळाली (बोधगया), जिथे त्यांनी धम्मचक्र फिरवले, म्हणजे पहिला उपदेश केला (सारनाथ) आणि जिथे ते परिनिर्वाण पावले (कुशीनगर). श्रद्धावानाने ही ठिकाणे पाहावीत, कारण ती संवेग उत्पन्न करणारी आहेत. संवेग म्हणजे नुसता भक्तिभाव नव्हे. आपले आयुष्य सरते आहे याची आतून बसलेली हलकी चपराक आणि त्यातून काही बरे करावे अशी लागलेली ओढ, असा त्या शब्दाचा अर्थ मी घेते. ही गोष्ट वीस मिनिटांच्या थांब्यात, गाइडच्या शिट्टीच्या धाकात होत नाही. आठ स्थळांची यादी पुढच्या काळात पक्की झाली. तीही आदरणीयच आहे, पण पहिल्या खेपेला मूळची चार आणि त्यांना जोडणारी वाट पुरेशी आहे.

निघण्याच्या महिनाभर आधी आईंना घेऊन एक सकाळ रिवणला जा. मडगावहून केपेमार्गे रिवण गाठले की शेतांच्या कडेला जांभ्या दगडात कोरलेल्या गुहा आहेत. गावात त्यांना पांडवांची होवरी म्हणतात, आणि त्या बौद्ध भिक्खूंच्या वास्तव्याच्या असाव्यात असे बहुतेक अभ्यासक मानतात. डिचोलीजवळच्या लामगावातही अशा गुहा आहेत. मी प्रत्येक गटाला आधी रिवणला नेते ते दोन कारणांसाठी. एक तर उंचसखल वाटेवर कोणाचा गुडघा किती साथ देतो ते तिथे कळते, आणि दुसरे म्हणजे ओलसर जांभ्याच्या त्या वासात, पाणी ठिबकत असताना, सर्वांना अर्धा तास न बोलता बसवता येते. पहिल्या दहा मिनिटांत सगळे चुळबुळतात. मोबाइल चाचपतात. मग शांत होतात. बोधिवृक्षाखाली बसण्याची ही तालीम आहे. कोळवाळजवळच्या मुशीर गावी १९३० साली इतिहाससंशोधक फादर हेरास यांना मिळालेली बुद्धमूर्ती आज मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजातील हेरास संस्थेत आहे. मुंबईत विमान बदलताना हाती दिवस असेल तर तीही पाहून घ्या. आपल्या मातीतला बुद्ध आधी पाहिला की उत्तरेतला परका वाटत नाही.

वाचायला धर्मानंद कोसंबींची कोणतीही दोन मराठी पुस्तके घ्या. सांखवाळला १८७६ साली जन्मलेला हा माणूस बुद्धाच्या शोधात १८९९ साली घराबाहेर पडला, काशीला संस्कृत शिकला, नेपाळात जाऊन निराश होऊन परतला आणि अखेर श्रीलंकेत पाली शिकून १९०२ साली श्रामणेर, म्हणजे नवदीक्षित भिक्खू, झाला. खिशात पैसा नसताना, कोणी ओळखीचे नसताना त्याने हे केले. पुढे फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवणारे आणि हार्वर्डमध्ये विसुद्धिमग्ग या पाली ग्रंथाच्या संपादनावर काम करणारे कोसंबी ते हेच. त्यांची मराठी इतकी साधी आहे की आईंना मोठ्याने वाचून दाखवता येईल, आणि तसेच करावे.

आता प्रवास. वास्कोहून मडगावमार्गे पाटण्याला आठवड्यातून एकदा थेट गाडी जाते आणि ती पंडित दीनदयाळ उपाध्याय, म्हणजे पूर्वीचे मुगलसराय, या स्थानकावर थांबते; तिथून सारनाथ जवळ आहे. परंतु गाडीत दीड दिवसाहून जास्त वेळ जातो, आणि डिसेंबरातील धुक्यात उत्तरेकडच्या गाड्या चार-सहा तास उशिरा धावणे ही नेहमीचीच गोष्ट आहे. दोन्हीकडचा प्रवास रेल्वेने केलात तर १२ पैकी ४ दिवस गेले असे समजा. त्यामुळे तुमच्या बाबतीत मोपा किंवा दाबोळीहून मुंबईत वा दिल्लीत विमान बदलून वाराणसीला उतरावे आणि परतताना गोरखपूरहून निघावे, हे बरे. मधल्या सगळ्या प्रवासाला वाराणसीची एकच गाडी आणि एकच चालक ठेवा. रस्त्यावर सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर राहायचे नाही, हे चालकाला पहिल्याच दिवशी सांगा. गंगेच्या मैदानातले धुके आपल्या चोर्ल्याच्या पावसाळी धुक्यासारखे नसते. ते वाऱ्याने हलत नाही, उन्हाची वाट पाहावी लागते.

मुक्काम साधारण असे वाटा: सारनाथ २ रात्री, बोधगया ३, राजगीर २, वैशाली किंवा पाटणा १, कुशीनगर २, लुंबिनी १. बोधगया, सारनाथ, कुशीनगर आणि लुंबिनी येथे निरनिराळ्या देशांच्या विहारांची अतिथिगृहे आहेत. खोल्या साध्या, स्वच्छ असतात आणि पहाटेचे पठण कानावर येते. डिसेंबर-जानेवारीत तिबेटी, थाई, ब्रह्मी, श्रीलंकन यात्रेकरूंनी ती भरलेली असतात, म्हणून बोधगयेची खोली सर्वांत आधी, दिवाळीपूर्वीच, ठरवून टाका.

सारनाथला शुक्रवार येणार नाही असे पाहा, कारण तेथील संग्रहालय शुक्रवारी बंद असते आणि ते चुकवण्यासारखे नाही. आपल्या नाण्या-नोटांवरचे चार सिंह तिथे दारातच समोर उभे राहतात. १९०४-०५ च्या उत्खननात हे स्तंभशीर्ष सापडले. त्याच इमारतीत पाचव्या शतकातील धम्मचक्र मुद्रेतली बुद्धमूर्ती आहे, तिच्यासमोर आईंसाठी बसायला जागा शोधा. बाहेर उद्यानात अशोकस्तंभाचा तुटका बुंधा आहे, त्यावर संघात फूट पाडणाऱ्या भिक्खूला वा भिक्खुणीला पांढरी वस्त्रे देऊन विहाराबाहेर ठेवावे अशी राजाज्ञा कोरलेली आहे. धमेक स्तूप सुमारे ४३ मीटर उंच आहे. त्याच्या पट्ट्यावरची वेलबुट्टी सकाळच्या तिरप्या उन्हात उठून दिसते, म्हणून दुपारी जाऊ नका. १९३१ साली अनागारिक धर्मपालांनी उभारलेल्या मूलगंधकुटी विहाराच्या भिंतींवर कोसेत्सु नोसु या जपानी चित्रकाराने बुद्धचरित्र रंगवले आहे. ज्यांना चरित्राचा क्रम ठाऊक नाही त्यांना तो इथे चित्रांवरून सहज समजावता येतो. मी ते पुढच्या सर्व प्रवासाची उजळणी म्हणून वापरते.

बोधगयेला तीन रात्री का, असे तुम्ही विचाराल. पहिला दिवस गर्दी, दुकाने आणि देशोदेशींची मंदिरे पाहण्यात जातो आणि मन थाऱ्यावर येत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला महाबोधी महाविहार उघडतो तेव्हा जा. मोबाइल आत नेता येत नाही, तो खोलीवरच ठेवा म्हणजे जमा करण्याच्या रांगेत आईंना उभे राहावे लागणार नाही. सुमारे ५५ मीटर उंचीचे शिखर त्या वेळी धुक्यात अर्धेच दिसते. मागच्या बाजूला, मंदिराच्या भिंतीला लागून, बोधिवृक्ष आणि त्याखाली वज्रासनाची शिळा आहे. आजचा वृक्ष पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कनिंगहॅम यांच्या काळात, १८८० च्या सुमारास लावलेला आहे. जुना पडला होता. पहाटे पानांवरचे दव टपटप पडत असते. एखादे पान गळले की ध्यानाला बसलेल्यांतलेही दोघे-तिघे उठून धावतात. एकदा असे पान माझ्या शेजारी बसलेल्या थाई बाईंच्या ओंजळीत नेमके येऊन पडले. त्यांनी ते कपाळाला लावले, मधोमध दुमडून बघितले आणि आमच्या गटातील सर्वांत वृद्ध बाईंच्या हातात दिले. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. पान झाडावरून तोडू नये, हे सांगायला नकोच.

तिसऱ्या दिवशी दुपारी निरंजना नदीपलीकडे बकरौरला जा. सुजातेच्या नावाचा विटांचा मोठा स्तूप तिथे आहे. देह सुकवून काही साधत नाही हे कळल्यावर सिद्धार्थाने तिच्या हातची खीर घेतली, ही कथा आपल्याकडच्या बायकांना जितकी लगेच समजते तितकी कोणत्याही प्रवचनातली गोष्ट समजत नाही, असा माझा अनुभव आहे. आणखी एक सांगणे महत्त्वाचे. गोव्यातील अनेक कुटुंबे गयेला पिंडदानासाठी जातात आणि बोधगया त्याच दिवशी "वाटेत" उरकतात. तुमच्या मनात वडिलांचे श्राद्ध असेल तर त्याला गयेत वेगळा दिवस द्या. विष्णुपदावरून थकून, भरल्या मनाने आलेल्या माणसाला त्याच संध्याकाळी बोधिवृक्षाखाली बसवणे दोन्ही ठिकाणांवर अन्याय करणारे आहे.

राजगीरपासून ती वाट सुरू होते. महापरिनिब्बान सुत्ताचा आरंभच इथल्या गृध्रकूट टेकडीवर होतो. आईंना पायथ्यापासून चढवू नका. रोपवेने विश्वशांती स्तूपापर्यंत जा आणि तिथून गृध्रकूटाकडे खाली उतरा. जुना एकेका खुर्चीचा रोपवे बसताना थांबत नाही, त्यात चटकन बसावे लागते. म्हणून वयस्करांसाठी बंद डब्यांचा नवा रोपवे निवडा. गृध्रकूटावर विटांच्या एका लहान चौथऱ्यापलीकडे काही नाही. समोर डोंगरांचे कडे, खाली जंगल, वारा. पण पाच टेकड्यांच्या कोंदणात वसलेले बिंबिसाराचे नगर नजरेखाली घेऊन बुद्ध इथे कसे बसत असतील ते उमगते. दुसऱ्या दिवशी नालंदा. तिथे भग्न विहारांची लांबच लांब रांग आहे, आईंना सगळे पाहायला लावू नका, सारिपुत्तांच्या नावाने ओळखला जाणारा मोठा स्तूप आणि एक-दोन विहार पुरेत.

तिथून पाटणा. सुत्तात हे पाटलिगाम नावाचे खेडे आहे. मगधाचे मंत्री सुनीध आणि वस्सकार वैशालीच्या वज्जींना आवर घालण्यासाठी तिथे तटबंदी उभारत आहेत, आणि लोक गंगा ओलांडायला होड्या व तराफे शोधत आहेत. तुम्ही गंगेच्या लांबच लांब पुलावरून जाल तेव्हा हा प्रसंग आईंना सांगा. पुलावर गाडी रखडली तर सांगायला वेळही मिळेल.

वैशाली तुम्ही गाळू नये असे मी मुद्दाम म्हणते. स्त्रियांना संघात प्रवेश मिळाला तो याच नगरीत. ज्यांनी मायादेवीच्या पश्चात सिद्धार्थाला वाढवले त्या महाप्रजापती गौतमी पाय सुजेपर्यंत चालत इथे आल्या आणि दाराबाहेर उभ्या राहिल्या, आणि त्यांची बाजू आनंदाने मांडली. आम्रपालीची आमराई इथलीच. कोल्हुआ येथे एका सिंहाचा अशोकस्तंभ जागच्या जागी उभा आहे; त्याच्यापाशी बसून सुत्तातला पुढचा भाग वाचा. वैशालीजवळच्या बेलुव गावी अखेरच्या वर्षावासात, म्हणजे पावसाळ्यातल्या मुक्कामात, बुद्ध फार आजारी पडतात. बरे झाल्यावर आनंदाला म्हणतात की मी आता जीर्ण झालो आहे. जुनी बैलगाडी बंधने आवळून कशीबशी चालवावी तसा हा देह चालतो आहे. आणि वैशाली सोडताना ते हत्तीसारखे सबंध अंग वळवून मागे पाहतात आणि म्हणतात, आनंदा, तथागताचे हे वैशालीचे शेवटचे दर्शन. आपण ज्यांना देव करून ठेवले त्यांचे म्हातारपण इतके उघडपणे सांगणारा मजकूर मी दुसरीकडे वाचलेला नाही.

पुढे केसरियाचा प्रचंड स्तूप लागतो. मागे येणाऱ्या वैशालीच्या लिच्छवींची समजूत घालून बुद्धांनी आपले भिक्षापात्र त्यांना दिले, ती ही जागा अशी परंपरा आहे. त्यानंतर पावा, चुंद लोहाराघरचे भोजन, रक्तातिसार. आणि मग वाटेत एका झाडाखाली ते आनंदाला सांगतात: संघाटीची, म्हणजे वरच्या वस्त्राची, चौपदरी घडी करून अंथर, मी थकलो आहे, बसेन म्हणतो. पाणी मागतात. आनंद म्हणतो, नुकत्याच पाचशे गाड्या गेल्याने ओढ्याचे पाणी गढूळ आहे. ते पुन्हा मागतात, तिसऱ्यांदा मागतात. हा भाग मी गाडीतच वाचते. मग एखाद्या आजींनी "जरा थांबूया का" असे संकोचाने विचारायची वेळ येत नाही. गाडी थांबवण्याचा त्यांना अधिकारच मिळतो. आईंबरोबरच्या प्रवासाला ही दिशा का, याचे माझे कारण हे आहे.

कुशीनगरला दोन रात्री ठेवा, म्हणजे एक पूर्ण दिवस हाती राहील. मूर्ती सुमारे ६ मीटर लांबीची, उजव्या कुशीवर पहुडलेली, डोके उत्तरेला आणि मुख पश्चिमेला. १८७६ साली कार्लाइल यांच्या उत्खननात ती अनेक तुकड्यांत सापडली आणि जोडली गेली. हरिबल नावाच्या भिक्खूने पाचव्या शतकात ती दान दिल्याचा लेख चौथऱ्यावर आहे. आजचे मंदिर १९५६ सालचे, म्हणजे बुद्धपरिनिर्वाणाला २५०० वर्षे झाल्यानिमित्त बांधलेले आहे. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली, आणि नोव्हेंबरात काठमांडूच्या जागतिक परिषदेला ते आजारी शरीराने जाऊन आले. वास्कोतील आमच्या गटातल्या मंडळींच्या मनात इथे ही दोन्ही स्मरणे एकत्र येतात. मी पाहिले आहे, कोणी बोलत नाही.

सकाळी आत जा, मूर्तीला उजवी घालत सावकाश प्रदक्षिणा करा आणि पायांशी, मध्ये आणि डोक्याशी अशा तीन जागी उभे राहून चेहरा पाहा. भाव बदलतो असे स्थानिक लोक सांगतात, आणि प्रकाशामुळे तसे खरेच भासते. यात्रेकरू नवी चीवरे, म्हणजे भिक्खूंची वस्त्रे, आणून मूर्तीवर पांघरतात. पांघरताना सगळे मिळून ते वस्त्र धरतात आणि अनोळखी माणसालाही त्याचा काठ धरू देतात. आईंना तो काठ धरू द्या. संध्याकाळी दीड किलोमीटरवरच्या रामाभार स्तूपापाशी, म्हणजे अंत्यसंस्काराच्या जागी, बसा. केप्याच्या त्या आजी पुन्हा येऊ शकल्या नाहीत. मी मात्र प्रत्येक वेळी आधी डोक्याच्या बाजूला जाऊन उभी राहते.

जन्माने बौद्ध नाही म्हणून अडखळण्याचे कारण नाही. ही ठिकाणे सर्वांना खुली आहेत. नवस बोलायचा नाही, काही मागायचे नाही, फुले वाहायची ती कृतज्ञता म्हणून. त्रिशरण-पंचशील पाठ करून गेलात तर उत्तम; नसेल तर शांत बसणे हीच पूजा आहे. साधे, शक्यतो पांढरे कपडे, अनवाणी पाय, आणि प्राचीन विटांवर मेणबत्ती वा सोन्याचा वर्ख लावायचा नाही. दान नेहमी पेटीत टाका किंवा पावती घेऊन द्या. भगवी वस्त्रे घालून हातात वाटी धरून मागे लागणारे सगळे भिक्खू नसतात. "जुनी" नाणी आणि मूर्ती विकणाऱ्यांकडून काहीही घेऊ नका.

थंडीचा अंदाज गोव्यातील माणसाला येत नाही. रात्री तापमान ६-८ अंशांपर्यंत उतरते आणि खोल्यांना उष्णता नसते. लोकरी मोजे, कानटोपी आणि गरम पाण्याची पिशवी हवीच. मंदिराच्या थंड फरशीसाठी जाड मोज्यांचा आणखी एक जोड ठेवा. जेवण शाकाहारी आणि मोहरीच्या तेलाचे असते. आईंना न पचल्यास पेजेसाठी घरचे उकडे तांदूळ दोन किलो बरोबर घ्या, विहारांच्या स्वयंपाकघरात विनंती केली तर शिजवून देतात. लांबच्या टप्प्यांत स्वच्छतागृहे मोजकी आहेत. प्रत्येक स्थळावरून निघताना, गरज वाटो न वाटो, जाऊन यायचे असा नियम करा. आणि एक गोष्ट विसरू नका: बिहारात २०१६ पासून दारूबंदी आहे. ओळखीच्या कोणाला भेट म्हणून काजूची फेणी सामानात टाकली, एवढ्यावरूनही गुन्हा दाखल होतो.

लुंबिनी नेपाळात आहे, म्हणून कागदपत्रे आजच तपासा. भारतीय नागरिकाला व्हिसा लागत नाही, परंतु पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र मूळ स्वरूपात हवे. केवळ आधार कार्डावर भिस्त ठेवू नका. घरातील कोणी पोर्तुगीज पासपोर्ट घेतला असेल तर तो माणूस नेपाळच्या दृष्टीने परदेशी आहे. त्याला सनौलीच्या नाक्यावर व्हिसा घ्यावा लागतो आणि भारतातून बाहेर पडल्याचा व परत आल्याचा शिक्काही लागतो. बार्देशातल्या एका कुटुंबाला याच कारणासाठी मी सीमेवर अर्धा दिवस ताटकळताना पाहिले आहे. भारतीय गाडी पलीकडे न्यायची तर तिचे भन्सार, म्हणजे नेपाळचा सीमाकर, भरावे लागते. त्यापेक्षा चालकाला अलीकडे थांबवून पलीकडची टॅक्सी करणे सोपे जाते. रोख शंभराच्या नोटांत ठेवा.

जन्मस्थानाचे दर्शन अखेरीस होते याचे वाईट वाटून घेऊ नका. कुशीनगरानंतर मायादेवी मंदिराच्या त्या शांत परिसरात येणे बरेच वाटते. आत जन्मस्थळाची शिळा काचेखाली आहे. बाहेर अशोकाचा स्तंभ. राज्याभिषेकाच्या विसाव्या वर्षी राजा स्वतः इथे आला आणि बुद्ध इथे जन्मले म्हणून त्याने लुंबिनी गावाचा बळी, म्हणजे कर, माफ केला आणि पिकातील राजाचा वाटा आठव्या हिश्श्यावर आणला, असे त्यावर लिहिले आहे. त्यातले तीन शब्द आईंना ऐकवा: "हिद बुधे जाते". हिद म्हणजे इथे. उरलेले दोन त्यांना मराठीवरून आपोआप कळतील. स्तंभाच्या कुंपणाबाहेर, लेख दिसेल अशा बाजूला, दुपारी ऊन येते. तिथेच सतरंजी टाका.

परतीच्या दिवशी गोरखपूरचे विमान दुपारनंतरचे घ्या. सनौलीहून गोरखपूर सुमारे १०० किलोमीटर आहे, नाक्यावर ट्रकांची रांग असते, आणि नेपाळातील घड्याळ आपल्यापेक्षा १५ मिनिटे पुढे असते. तेवढे धरून आईंना सकाळी घाई न करता उठवा.